१.९८ डॉलरची टोपी: कंट्री गाणी सौंदर्याच्या मापदंडांना चिमटे कशी काढतात

२ फेब्रुवारी २०२५ ला बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला वर्षातला सर्वोत्तम अल्बम आणि सर्वोत्तम कंट्री अल्बम असे दोन्ही ग्रॅमी मिळाले, आणि कंट्री संगीताशी कधी संबंध न आलेल्यांच्याही कानावर हा शब्द पडला. रुंद टोपी, उंच बूट, गिटार, मागे एखादा घोडा, एवढं चित्र डोळ्यांसमोर येतं. या संगीतात एक जुनी, दणकट परंपरा मात्र अशी आहे की ती पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतोच. डोक्यावर हातभर उंच विग, अंगावर चमचमते खडे, लांबच लांब नखं अशी बाई माइकसमोर उभी राहते आणि गाते काय, तर हा सगळा देखावा विकतचा आहे. किंवा जीन्स घातलेली गायिका सांगते की मला बाहुलीसारखं दिसता येत नाही आणि दिसायचंही नाही. ही थट्टा कोणाची? स्वतःची, दुसऱ्या बायकांची, की बघणाऱ्यांची?

या गाण्यांचं भांडण नटण्याशी फारसं नसतं. नटायचं कोणाच्या मापाने आणि त्याचं बिल कोणी भरायचं, हा त्यांचा मुद्दा असतो. हे एकदा लक्षात आलं की विग घातलेली बाई आणि जीन्स घातलेली बाई एकाच बाजूला उभ्या आहेत हे दिसू लागतं.

आधी ‘कंट्री’ म्हणजे काय

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ आणि शेतीच्या भागात ब्रिटिश बेटांवरून आलेलं फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वाद्यांतून घडलेला बँजो एकत्र आले. चर्चमधली भजनं, कामाची गाणी, जत्रेतली नाचगाणी त्यात मिसळत गेली. १९२७ साली टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीर हा रेकॉर्ड कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला आणि त्याने कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. कंट्री धंदा म्हणून उभा राहिला त्याची सुरुवात बहुतेक लोक इथून धरतात.

त्या वेळी या संगीताला ‘हिलबिली’ म्हणत. आपल्याकडे ‘गावंढळ’ म्हणतात त्याच चालीवरचा हा शब्द आहे, फक्त डोंगरातल्या माणसासाठी. ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाने १९४९ मध्ये आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव दिलं आणि तो हिणकस शब्द हळूहळू मागे पडला. शहर आपल्याला हसतं ही जाणीव मात्र या संगीताच्या हाडात मुरली होती आणि तिला उत्तर देण्याची खोडही.

नॅशव्हिल या टेनेसीतल्या, कंट्रीच्या धंद्याचं केंद्र असलेल्या शहरातल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाचं नावच बघा. १९२५ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या आधी रेडिओवर अभिजात पाश्चात्त्य संगीताचा कार्यक्रम लागत असे. १९२७ मध्ये निवेदक जॉर्ज हे याने श्रोत्यांना सांगितलं की आतापर्यंत तुम्ही ‘ग्रँड ऑपेरा’ ऐकलात, आता ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐका. ‘ऑप्री’ म्हणजे खेडुताच्या तोंडचा ‘ऑपेरा’. उच्चभ्रू अभिरुचीला काढलेला हा चिमटा आज जवळपास १०० वर्षं पाटीवर टिकून आहे.

टोपीला लटकलेली किंमत

याच मंचावर १९४० मध्ये मिनी पर्ल नावाचं पात्र आलं. साधा सुती झगा, फुलं खोचलेली गवती टोपी आणि टोपीवरून लोंबणारी १.९८ डॉलर किमतीची चिठ्ठी. आल्या आल्या ती खच्चून हाक मारायची, मग गावाकडच्या नातेवाइकांचे किस्से सांगायची आणि आपल्याला नवरा कसा मिळत नाही याची मजा करायची.

पात्रामागची बाई होती सेरा ऑफिलिया कॉली, लग्नानंतर कॅनन. जन्म १९१२, गाव टेनेसीतलं सेंटरव्हिल, घर खाऊन-पिऊन सुखी. नॅशव्हिलच्या वॉर्ड-बेलमाँट कॉलेजात तिने नाट्यकलेचं शिक्षण घेतलं होतं. म्हणजे मिनीचा गावठीपणा विचारपूर्वक रचलेला होता. ती किमतीची चिठ्ठी या रचनेतली सर्वांत हुशार वस्तू आहे. नवीन वस्तू घालून मिरवताना माणूस पहिल्यांदा काय करतो? किंमत फाडून टाकतो, कारण ती दिसली तर रुबाब संपला. मिनी ती तशीच ठेवते, आणि मग बघणाऱ्याला इतरांच्या टोप्यांवरच्या न दिसणाऱ्या चिठ्ठ्याही दिसायला लागतात.

मराठी वाचकाला ही जागा ओळखीची वाटेल. तमाशातल्या गवळणीत मावशी असते. सुंदर गवळणी बाजूला उभ्या असतात, पण टाळ्या घेते ती बेंगरूळ, तोंडाळ मावशी. रूप नसल्यामुळे तिला काहीही बोलायची मुभा असते आणि ती थेट कृष्णालाच अडवते. मिनी पर्ल जवळपास याच मुभेवर अर्धं शतक उभी राहिली. फरक एवढाच की मावशीचं काम परंपरेने पुरुष करत आला, मिनीचं एका बाईनेच केलं.

तीन सूर आणि तीन मिनिटं: गाण्याचा सांगाडा

असं गाणं आतून कसं बांधलेलं असतं ते बघू, कारण विनोद नेमका कुठे बसतो हे सांगाड्यावर ठरतं.

कंट्रीचं बरंचसं काम तीन कॉर्डवर चालतं. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन किंवा अधिक सूर. हार्मोनियमवर पांढरी पाच हा सा धरा. पहिली कॉर्ड सा-ग-प. दुसरी मध्यमावर उभी: म-ध-सां. तिसरी पंचमावर उभी: प-नि-रें. सगळे स्वर शुद्ध. नॅशव्हिलचे वादक यांना कागदावर नुसतं १, ४, ५ असं लिहितात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज या गायकाने ही आकड्यांची पद्धत आणली. गायिकेला सूर चढा वाटला तर कागद बदलावा लागत नाही, फक्त १ कुठे धरायचा ते बदलतं. आपण पट्टी बदलतो आणि सरगम तीच राहते, तसंच.

या तिघांत पाचव्या कॉर्डला घराबाहेर पडल्याची ओढ असते. कान तिथे थांबायला तयार नसतो, त्याला पहिल्या कॉर्डवर, म्हणजे सा वर, परतायचं असतं. विनोदी ओळीची तयारी पाचव्यावर करायची आणि टोला पहिल्यावर हाणायचा, ही साधी युक्ती शेकडो गाण्यांत सापडेल. अनेकदा टोल्याच्या आधी ढोल आणि बास एक-दोन मात्रा गप्प होतात. त्या रिकाम्या जागेत गायिका जवळजवळ बोलल्यासारखी ओळ टाकते आणि सगळी वाद्यं पुन्हा एकदम उसळतात. कीर्तनकार पूर्वरंगात झांज थांबवून वाक्य टाकतो, तेव्हा जे घडतं तेच इथे घडतं.

आता वेळेचा हिशेब. मिनिटाला १२० ठोके अशी लय धरली तर चार ठोक्यांचं एक आवर्तन २ सेकंदांचं होतं. सुरुवातीचं वादन ८ आवर्तनं, म्हणजे १६ सेकंद. १६ आवर्तनांचं कडवं ३२ सेकंदांचं, अशी दोन कडवी ६४ सेकंद. १६ आवर्तनांचं ध्रुवपद तीनदा, ९६ सेकंद. मध्ये चाल बदलून येणारा ८ आवर्तनांचा जोडतुकडा, १६ सेकंद. बेरीज १९२ सेकंद, म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. रेडिओला चालतं ते माप साधारण हेच.

या हिशेबातून एक कठोर गोष्ट बाहेर येते. कडव्यात दोन आवर्तनांना एक ओळ धरली तर दोन कडव्यांत मिळून अवघ्या १६ ओळी हातात असतात. एवढ्या जागेत बाई कोण, कुठली, तिला काय सलतं आणि त्यावर तिचं उत्तर काय, हे सगळं बसवायचं. सगळ्याचा खिळा असते ती ‘हुक’, म्हणजे शीर्षकातली, ध्रुवपदात परत परत येणारी ओळ. नॅशव्हिलमध्ये दोन-तीन गीतकार वेळ ठरवून एका खोलीत बसतात. पुष्कळदा आधी हुक सापडते, मग तिच्याकडे नेणारी वाट मागे मागे रचली जाते.

चिमटा वस्तूने बसतो, मताने नाही

२००४ मध्ये ग्रेचेन विल्सन नावाची, इलिनॉय राज्यातल्या पोकाहॉन्टस या छोट्या गावची गायिका ‘रेडनेक वुमन’ घेऊन आली. ‘रेडनेक’ म्हणजे शब्दशः उन्हाने मान लाल झालेला. उन्हात राबणाऱ्या गरीब गोऱ्या खेडुताला हिणवायचा हा शब्द. जॉन रिच या सहगीतकाराबरोबर तिने ते लिहिलं. टीव्हीवरच्या देखण्या कंट्री गायिकांचे व्हिडिओ बघून ‘मला असं कधीच दिसता येणार नाही’ असं ती म्हणाली आणि गाणं तिथून निघालं, हे सांगितलं जातं. बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते ५ आठवडे पहिलं राहिलं आणि पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळवून गेलं.

गाण्यात ती ‘सौंदर्याचे निकष अन्यायकारक आहेत’ असं कुठेही म्हणत नाही. ती सांगते की मी बार्बी बाहुलीच्या जातीची नाही. महागड्या दुकानातल्या नाजूक अंतर्वस्त्रांसारखीच मला वॉलमार्टच्या फळीवर अर्ध्या किमतीत मिळतात. नाताळचे दिवे माझ्या ओसरीवर वर्षभर लटकलेले असतात. कडेवर मूल घेऊन मी अनवाणी अंगणात उभी असते. प्रत्येक गोष्ट हाताला लागते आणि बहुतेकींना किंमत आहे. मिनी पर्लच्या टोपीवरची चिठ्ठीच कित्येक दशकांनी पुन्हा बाहेर आली, असं मला हे गाणं ऐकताना दर वेळी वाटतं.

वस्तू का लागते, हे मराठीतच करून बघा. ‘मी साधी आहे, मला नटायला आवडत नाही’ ही ओळ खरी असली तरी तिच्यावर कोणी हसणार नाही, कोणाला ती आठवणारही नाही. ‘बहिणीच्या लग्नात घेतलेली लिपस्टिक तिची पोरगी शाळेत गेली तरी संपली नाही’ म्हटलं की बाई समोर उभी राहते. घर दिसतं, वर्षं दिसतात, खर्च दिसतो. ऐकणारी मनातल्या मनात स्वतःचा ड्रॉवर उघडते.

नेमकेपणाबरोबर क्रमही सांभाळावा लागतो. पहिल्या कडव्यात सौम्य वस्तू, दुसऱ्यात जरा बेधडक, आणि जोडतुकड्यात थट्टा बाजूला ठेवून एखादी उघडी, खरी ओळ. ती आली की तिसऱ्यांदा येणारं ध्रुवपद नुसतं गमतीचं राहत नाही. श्रोते ते ओरडून म्हणतात, कारण आता ते त्यांचंही झालेलं असतं. ‘रेडनेक वुमन’मध्ये तर समोरच्या बायकांना एकत्र होकार द्यायची हाकच बांधलेली आहे.

फसतं ते कुठे

सगळ्यांत जास्त गाणी फसतात ती ब्रँडच्या भरतीने. एका कडव्यात दोन दुकानांची नावं चिमटा काढतात, सहा नावं घातली की ओळ जाहिरातीसारखी ऐकू येते. शिवाय नावं शिळी होतात. दुकान बंद पडलं की पुढच्या पिढीला विनोद समजावून सांगावा लागतो. म्हणून जाणते गीतकार एक नाव दुकानाचं घेतात आणि बाकीच्या वस्तू न मरणाऱ्या: अंगण, दिवे, मूल, अनवाणी पाय.

दुसरी चूक रडगाण्याची. ‘मी सुंदर नाही म्हणून कोणी बघत नाही’ या सुरात गेलं की थट्टा संपते आणि श्रोता दिलासा द्यायला बघतो. यात चालीचाही दोष असतो. लय मंद, स्वर उतरते आणि पेडल स्टील गिटारची लांबलेली मींड असेल तर तेच शब्द दुःखाचे होतात. हेच शब्द दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जोर देणाऱ्या तालावर टाकले की मान हलायला लागते आणि तक्रारीची फुशारकी होते. या तालाला ‘बॅकबीट’ म्हणतात.

उच्चारही घात करतात. टोल्याचा शब्द ओळीच्या शेवटी आला आणि नेमका त्याच ठोक्यावर झांज वाजली तर शब्द बुडतो. मिश्रण करणारा तंत्रज्ञ म्हणून त्या एका मात्रेपुरता वाद्यांचा आवाज खाली घेतो. हे काम ऐकणाऱ्याला जाणवत नाही, पण ते नसेल तर विनोद पोचत नाही.

‘पण या बायका स्वतःच एवढ्या नटतात!’

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि त्याचं उत्तर डॉली पार्टन या एका नावात आहे. जन्म १९४६, टेनेसीच्या सेव्हियर परगण्यातल्या डोंगरात, १२ भावंडांचं घर, कमालीची गरिबी. लहानपणी मेकअप कुठून मिळणार? ओठांना पोकबेरी या रानटी फळांचा रस आणि डोळ्यांना जळक्या काडीची काजळी, असा जुगाड तिने स्वतःच सांगितलेला आहे. आजोबा चर्चमधले उपदेशक होते आणि त्यांना हे नटणं बिलकूल मान्य नव्हतं. गावात एक बाई होती, भडक केस, भडक ओठ, लोक तिला वाईट चालीची म्हणायचे. डॉलीला ती सुंदर वाटली आणि तिने आपलं रूप तिच्यावर बेतलं.

ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. डॉलीने श्रीमंतांचं, शहराचं, मासिकांचं सौंदर्य उचललं नाही. ज्या रूपाला सभ्य लोक ‘स्वस्त’ म्हणून नाक मुरडतात ते तिने उचललं आणि इतकं फुगवलं की त्याचा खोटेपणा लपवायची गरजच उरली नाही. एवढं स्वस्त दिसायला फार पैसा लागतो, हे तिचं वाक्य ती मंचावर वर्षानुवर्षं म्हणत आली आहे. पुन्हा किमतीची चिठ्ठी!

कंट्री यादीत तिचं पहिलं यश १९६७ चं ‘डंब ब्लाँड’. सोनेरी केस म्हणजे डोकं रिकामं, असं समजणाऱ्या पुरुषाला ते सुनावतं. कर्ली पुटमन या गीतकाराचं ते गाणं. ४१ वर्षांनी, २००८ मध्ये, तिने ‘बॅकवुड्स बार्बी’ काढलं. माझा वरचा लखलखाट बघून आतल्या माणसाबद्दल निष्कर्ष काढू नका, असं त्यात डोंगरातली पोर सांगते. रचना ग्रेचेनच्या अगदी उलट, कारण ग्रेचेन बार्बी नाकारते आणि डॉली बार्बी पांघरते. मापदंड ठरवणाऱ्याला मात्र दोघीही जुमानत नाहीत.

शिवाय कंट्रीत लखलखाट फक्त बायकांचा कधीच नव्हता. नुडी कोन हा कीव्हमध्ये जन्मलेला शिंपी कॅलिफोर्नियात कंट्री गायकांना खडे जडवलेले, भरतकामाने भरलेले सूट शिवून द्यायचा. एल्विस प्रेस्लीचा १९५७ चा सोनेरी सूट त्याच्याच दुकानातला. डॉलीला टीव्हीवर पुढे आणणारा पोर्टर वॅगनर तर असे सूट अंगावर घेऊनच ओळखला गेला. गरिबीतून आलेल्या माणसाने झगमगाट अंगावर चढवणं हा तिथे ढोंगीपणा मानला गेला नाही. ‘मी इथवर आलो’ असं सांगण्याची ती उघड, आनंदी पद्धत होती.

‘ही थट्टा शेवटी दुसऱ्या बाईचीच ना?’

हा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि काही गाण्यांना तो लागूही पडतो. ‘मी तिच्यासारखी नाही’ हे म्हणताना ‘ती’ कोण आहे ते बघावं लागतं. ‘ती’ म्हणजे शेजारची नटणारी मुलगी असेल तर एका चौकटीतून सुटून दुसरीत अडकणं झालं: आधी बाहुलीसारखं दिसायची सक्ती, आता रांगडं दिसायची. ‘रेडनेक वुमन’ या काठावर चालतं. बाहुलीच्या जातीबद्दल त्यात थोडी तुच्छता आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

केसी मसग्रेव्ह्जच्या २०१५ च्या ‘पेजंट मटेरियल’ने हा प्रश्न जास्त नाजूकपणे हाताळला. विषय सौंदर्यस्पर्धांचा. अमेरिकेत मिस अमेरिका स्पर्धा १९२१ पासून भरते आणि दक्षिणेत गावोगाव लहान मुलींच्याही स्पर्धा होतात. केसी स्वतः टेक्सासमधल्या गोल्डन नावाच्या खेड्यातली. गाण्यातली बाई स्पर्धेतल्या मुलींना काही बोलत नाही. तिचा वार स्पर्धेच्या तर्कावर आहे: जगात शांतता नांदावी असं मलाही वाटतं, पण पोहायच्या कपड्यांत मंचावर उभं राहून ती कशी आणायची ते मला कळत नाही. दोष स्वतःच्या अंगावर घ्यायचा, मला टाचांवर चालता येत नाही, माझी जीभ घसरते, आणि हसू मात्र स्पर्धेचं होऊ द्यायचं. मिस अमेरिकेने पोहण्याच्या कपड्यांची फेरी २०१८ मध्ये बंद केली. गाण्यामुळे नव्हे, पण गाणं तीन वर्षं आधीचं आहे.

याच्याही आधी, १९६८ मध्ये, जीनी सी. रायलीच्या ‘हार्पर व्हॅली पीटीए’ने थट्टेचं तोंड गावच्या प्रतिष्ठितांकडे वळवलं होतं. विधवा आईला मुलीच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाची चिठ्ठी येते: तुमचे कपडे फार आखूड आहेत. त्याच दुपारी सभा असते. ती मिनीस्कर्ट घालूनच सभेत जाते आणि एकेका सभासदाचं झाकलेलं प्रकरण सर्वांसमोर उघड करते. टॉम टी. हॉलने लिहिलेल्या या गाण्यामुळे, एकाच गाण्याने बिलबोर्डची मुख्य यादी आणि कंट्री यादी अशा दोन्ही याद्या जिंकणारी रायली पहिली स्त्री ठरली. थट्टा कोणत्या दिशेने जाते याचा हा उत्तम धडा आहे. ती वरच्याकडे गेली की ऐकणारा मोकळा हसतो आणि शेजारणीकडे वळली की हसू आखडतं.

पुरुषांच्या सौंदर्याचं काय?

शानिया ट्वेनच्या १९९७ च्या अल्बममध्ये खिशात आरसा आणि बाहीत कंगवा बाळगणाऱ्या, स्वतःवरच भाळलेल्या पुरुषाची मस्त रेवडी उडवलेली आहे. त्याच अल्बममधल्या दुसऱ्या गाण्याच्या १९९९ च्या व्हिडिओत तिने रॉबर्ट पामरचा १९८६ चा एक प्रसिद्ध व्हिडिओ उलटा केला. मूळ व्हिडिओत गायकामागे एकसारख्या नटवलेल्या बाहुल्यांसारख्या बायका उभ्या होत्या, इथे गायिकेमागे तसेच पुरुष.

ब्रॅड पेस्लीचं २००८ चं ‘आय एम स्टिल अ गाय’ मात्र दुसऱ्या टोकाला जातं. भुवया कोरणाऱ्या, नखांची निगा राखणाऱ्या पुरुषांची ते मजा घेतं. गाणं चटपटीत आहे, पण पुरुषाने कसं दिसावं याची जुनी चौकट ते मोडत नाही, तिला डागडुजी करून देतं. ग्लॅमरवर हसणारं प्रत्येक गाणं सुटकेचं नसतं, हे इथे स्पष्ट कळतं.

आणि हा ‘साधेपणा’ कोणाचा?

या बहुतेक गाण्यांतली साधी बाई गोरी असते. तिने मेकअप पुसला की तिला कोणी ‘अव्यवस्थित’ म्हणत नाही. काळ्या स्त्रीच्या बाबतीत तिचे जन्मजात कुरळे केसच शाळेत आणि नोकरीत नियमाबाहेर ठरवले गेले आहेत. म्हणून मिकी गायटनचं २०२१ चं ‘लव्ह माय हेअर’ या परंपरेत वेगळं उठून दिसतं. त्यात थट्टा जवळजवळ नाही. केस न लपवता तसेच ठेवणं हाच तिथे धाडसाचा भाग आहे. साधं राहायची मुभासुद्धा सर्वांना सारखी मिळत नाही, हे त्या गाण्याने कंट्रीच्या मंचावर आणलं.

हसून काही बदललं का?

२०१३ मध्ये समीक्षक जोडी रोझेन यांनी ‘ब्रो-कंट्री’ हा शब्द रूढ केला. ट्रक, बिअर, नदीकाठची पार्टी आणि तोकड्या जीन्समधली, नाव नसलेली सुंदर मुलगी, एवढ्या सामानावर तरुण पुरुषांनी गायलेली गाणी असा त्याचा अर्थ. फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचं ‘क्रूझ’ याच साच्यातलं. ते कंट्री यादीत २४ आठवडे पहिलं होतं.

२०१४ मध्ये मॅडी मार्लो आणि टे डाय या दोघींनी ‘गर्ल इन अ कंट्री साँग’ काढलं. गाण्यातल्या त्या बिननावाच्या मुलीलाच त्यांनी तोंड दिलं. हे कपडे टोचतात, गाडीच्या सीटवर सरकून बस म्हणता, माझं नावही विचारत नाही, आणि आधीच्या पिढीतले कॉनवे ट्विटी, जॉर्ज स्ट्रेट असं कधी वागले नाहीत. व्हिडिओत तोकडे कपडे पुरुषांना घातले. डिसेंबर २०१४ मध्ये हे गाणं कंट्री रेडिओच्या यादीत पहिलं आलं. दोघी तेव्हा १९ वर्षांच्या होत्या. गंमत अशी की ‘क्रूझ’ आणि त्याची टर उडवणारं हे गाणं, दोन्ही बिग मशीन या एकाच रेकॉर्ड समूहाच्या वेगवेगळ्या लेबलांनी, म्हणजे उपकंपन्यांनी, विकली. चौकट विकणारा चौकटीवरची थट्टाही विकतो. दोघी सहगीतकार होत्या हे त्यामुळे महत्त्वाचं ठरतं, कारण अमेरिकेत साधा रेडिओ गाणं वाजवल्याचे पैसे गीतकार-संगीतकाराला देतो, नुसत्या गायकाला देत नाही.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, मे २०१५ मध्ये, कीथ हिल या रेडिओ सल्लागाराने व्यवसायाच्या एका पत्रिकेत सल्ला दिला की श्रोते टिकवायचे असतील तर स्त्रियांची गाणी कमी लावा, लागोपाठ दोन तर नकोच. कंट्री रेडिओ म्हणजे सॅलड, त्यातला पाला म्हणजे पुरुष गायक, आणि बायका म्हणजे वर थोडेसे टोमॅटो, अशी उपमा त्याने दिली. याचा परिणाम थेट या लेखाच्या विषयावर होतो. तासाभरात एकदोनच बायका ऐकू येणार असतील तर कंपनी त्या एकदोन जागांसाठी देखणी, कोणाला न खुपणारी गायिका निवडते आणि चिमटे काढणारी दाराबाहेर राहते.

गायिका खवळल्या. मार्टिना मॅकब्राइडने मात्र या परंपरेला शोभेल असं केलं. तिने टी-शर्ट छापून घेतले, एकावर ‘टोमॅटो’, दुसऱ्यावर ‘टोमॅटो लव्हर’, आणि विक्रीचे पैसे समाजकार्याला दिले.